हवेचा सातबारा कोणाच्या नावावर?

(कार्यकर्त्यांच्या जिल्हा मेळाव्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मांडवात भावाचे, विजेचे, पाण्याचे विषय झाले. आता आम्ही रेडिओवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतले काही जण चहाला उठतील. त्यांनी जरा थांबावे. सकाळी जेवढ्या तक्रारी मांडल्या गेल्या, त्यांतल्या निम्म्या तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बातमी वेळेवर कळली नाही, किंवा कळली तेव्हा तिचा उपयोग राहिला नव्हता. पाटाचे आवर्तन कधी सुटणार हे पाटकऱ्याच्या तोंडून कळते. शेजारच्या बाजार समितीत काल लिलाव किती फुटला हे आपली गाडी इथल्या वजनकाट्यावर चढल्यावर कळते. डीपी जळाला तर तो कधी बदलणार, हे कोणाकडूनच कळत नाही.

आणि आपले म्हणणे वर जायचे तर त्याचा रस्ता आणखी लांबचा. अर्ज, निवेदन, मोर्चा, आणि मग कुठे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी. गावाचे बोलणे गावाला ऐकू जावे यासाठी एक साधे, स्वस्त यंत्र जगात शंभर वर्षांपासून आहे. ते आपल्या हातात का नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे.

कायदा इंग्रजांचा, कब्जा सरकारचा

जमिनीचा सातबारा आपण सगळे वाचतो. कब्जेदार कोण, कूळ कोण, इतर अधिकारात कोणाचा बोजा, हे शाळा न शिकलेला माणूसही तलाठ्याला दोनदा विचारून घेतो. पण डोक्यावरच्या हवेचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे आपण कधी विचारले नाही. आवाज वाहून नेणाऱ्या रेडिओलहरींना आम्ही इथे हवा म्हणतो आहोत.

हा सातबारा लिहिला गेला १८८५ मध्ये, भारतीय तार कायद्याने. तेव्हा रेडिओचा शोधही लागायचा होता. तारेने संदेश पाठवण्याचा एकाधिकार सरकारचा, असे त्या कायद्याने ठरवले. पुढे बिनतारी यंत्र आले, तेही त्याच दावणीला बांधले गेले. १९३३ मध्ये आणखी एक कायदा झाला आणि बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. परक्या सरकारला रयतेच्या बोलण्याची भीती वाटावी हे समजण्यासारखे आहे. ज्यांची साठी उलटली आहे त्यांना आठवत असेल, रेडिओ नुसता ऐकण्यासाठीसुद्धा दर वर्षी पोस्टात जाऊन लायसन भरावे लागे. ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे चालू होती.

या कायद्याला आव्हान मिळाले ते मुंबईत. ९ ऑगस्ट १९४२ ला पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला एका गुप्त केंद्रावरून आवाज आला, हा काँग्रेस रेडिओ आहे. उषा मेहता तेव्हा बाविशीतल्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हे केंद्र चालवले. पोलिस माग काढत येत, म्हणून जागा बदलत राहावे लागे. विदर्भातल्या चिमूर आणि आष्टीला काय अत्याचार झाले, हे छापायची वर्तमानपत्रांना सोय नव्हती. ते या केंद्राने सांगितले. १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. कायद्याच्या भाषेत ते चोरटे रेडिओ केंद्र होते. देशाने त्याच उषाताईंना १९९८ मध्ये पद्मविभूषण दिले.

म्हणजे परवाना नसलेला प्रत्येक आवाज गुन्हेगाराचा असतो असे नाही, हे देशाने मान्य केले. पण कायदा तसाच ठेवला. गोरा साहेब गेला, त्याच्या खुर्चीवर आपला साहेब बसला, कब्जेदाराच्या रकान्यातले नाव बदलले नाही.

पुणे जिल्ह्यातला प्रयोग

सरकारी रेडिओने शेतकऱ्यासाठी काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. १९५६ मध्ये आपल्याच भागात, पुणे आणि आजूबाजूच्या मिळून पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत, आकाशवाणी आणि युनेस्कोने एक प्रयोग केला. गावात पंधरा-वीस माणसांचे श्रोता मंडळ करायचे. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा. ऐकून झाल्यावर रेडिओ बंद करून आपसात चर्चा करायची. शंका केंद्राकडे कळवायच्या आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तरे ऐकायची. ऐका, चर्चा करा, कामाला लागा, असे त्याचे सूत्र होते. त्याची शास्त्रशुद्ध पाहणी झाली. मंडळ असलेल्या गावांतल्या लोकांचे ज्ञान मंडळ नसलेल्या गावांपेक्षा स्पष्टपणे वाढलेले दिसले. पुढे ही योजना देशभर नेली गेली.

यात शिकण्यासारखे काय? नुसत्या ऐकण्याने गाव बदलले नाही. ऐकून बोलले, विचारले, उत्तर मागितले, तेव्हा फरक पडला. पण योजना मोठी झाली तशी तिच्यातली ही दुसरी बाजू सुकत गेली. खाली फक्त ऐकणारे उरले. कोणते खत टाका हे सांगणारा आवाज आला, ते खत त्या किमतीला परवडते का हे विचारणारा आवाज उलट गेला नाही. एका केंद्राने आठ-दहा जिल्ह्यांना एकच गोष्ट सांगायची म्हटल्यावर दुसरे काय होणार? माणदेशातली बाजरी आणि कोकणातला भात एका भाषणात कसे बसणार?

न्यायालयाने निकाल दिला, अर्धाच अमलात आला

९ फेब्रुवारी १९९५ हा दिवस कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. भांडण शेतीचे नव्हते, क्रिकेटचे होते. १९९३ मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेला हिरो चषकाचे सामने परदेशी कंपनीमार्फत दाखवायचे होते आणि सरकार आडवे आले होते. पण न्यायालयाने प्रश्न मुळापासून घेतला. खंडपीठावर आपल्या महाराष्ट्रातले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, त्यांच्यासोबत न्यायमूर्ती एस. मोहन आणि न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी. निकालाचा गाभा असा : ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. तिचा वापर लोकांच्या हितासाठी, लोकांच्या बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या हक्कासाठी व्हावा. आणि तिचे नियमन करण्यासाठी सरकारने एक स्वतंत्र, स्वायत्त सार्वजनिक प्राधिकरण उभे करावे.

या निकालाची दोन अंगे आहेत. मक्तेदारी मोडा, हे एक. नियमन सरकारच्या हातून काढून स्वतंत्र संस्थेकडे द्या, हे दुसरे. पहिल्या अंगाचा फायदा कोणाला झाला? खासगी कंपन्यांना. शहरांतल्या लहरींचे लिलाव झाले, ज्याच्याकडे कोट्यवधी रुपये त्याला केंद्र मिळाले. दुसरे अंग कागदावर राहिले. आजही रेडिओ कोणी चालवायचा हे दिल्लीचे माहिती आणि प्रसारण मंत्रालयच ठरवते. न्यायालयाने फेरफार करायला सांगितला आणि तलाठ्याने नोंदच घातली नाही, असा हा प्रकार आहे.

तीन गावांची हकिकत

निकालानंतर गावांत काय झाले? तीन गावांची हकिकत सांगतो.

पहिले गाव माचनूर. झहीराबादजवळचे, तेव्हाच्या मेदक आणि आताच्या संगारेड्डी जिल्ह्यातले. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायांचे संघ आहेत. ज्वारी, बाजरी, नाचणी, कडधान्ये, घरचे बियाणे हे त्यांचे शेत. युनेस्कोच्या मदतीने १९९८ पर्यंत त्यांचे रेडिओचे साहित्य तयार झाले. मजूर घरांतल्या बाया ध्वनिमुद्रण शिकल्या. बी कसे राखायचे, कोणत्या नक्षत्रावर काय पेरायचे, कोणत्या दुखण्यावर कोणता पाला, हे त्यांनी आपल्या बोलीत टेपवर घेतले. यंत्र तयार, कार्यक्रम तयार, माणसे तयार. परवाना नाही. मग या बायांनी काय करावे? त्या टेपा संघांच्या बैठकीत नेऊन वाजवत. एक वर्ष नाही, दोन वर्षे नाही, सुमारे दहा वर्षे. १५ ऑक्टोबर २००८ ला त्यांचा संघम रेडिओ हवेवर गेला. पेरणीला दहा वर्षे वाट पाहायला लावणारा कायदा कोणत्या शेतकऱ्याने सहन केला असता?

दुसरे गाव ओर्वकल, आंध्रातल्या कर्नूल जिल्ह्यातले. तिथल्या बचत गटांच्या बायांनी २००२ मध्ये एक छोटे प्रक्षेपण यंत्र लावले. त्याचा आवाज गावापुरता. नाव ठेवले मना रेडिओ, म्हणजे आपला रेडिओ. चार-पाच महिने चालला. २००३ च्या सुरुवातीला सरकारी अधिकारी आले आणि यंत्र उचलून घेऊन गेले. गावाच्या वेशीबाहेर न जाणाऱ्या आवाजाने देशाच्या सुरक्षिततेला कोणता धोका होता, ते त्या बायांना कळले नाही. आम्हालाही कळलेले नाही.

तिसरे गाव बिहारच्या वैशाली जिल्ह्यातले मन्सूरपूर. राघव महतो हा रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणारा तरुण. त्याने सुमारे पन्नास रुपयांच्या सुट्या भागांतून प्रक्षेपण यंत्र बनवले. समोरच्या तीन मजली दवाखान्यावर बांबू उभा करून त्याला अँटेना बांधली. पंचक्रोशीत त्याचे राघव एफएम घरोघर लागू लागले. गाणी तर असतच. त्याशिवाय मूल हरवले तर त्याची खबर, पोलिओचा डोस, एड्सची माहिती, कुठे नवे दुकान उघडले त्याची वार्ता. २००६ च्या फेब्रुवारीत बीबीसीने त्याची कथा जगाला सांगितली. मार्चमध्ये सरकारने केंद्र बंद केले. परवाना लागतो, हे त्या पोराला माहीतच नव्हते. कौतुक झाले म्हणून तो कायद्याच्या नजरेस आला.

या तिघांत एक समान धागा आहे. पैसा नव्हता म्हणून कोणाचे अडले नाही, अक्कल नव्हती म्हणूनही अडले नाही. अडले ते फक्त परवान्यापाशी. शेतकऱ्याच्या बाबतीत ही गोष्ट नवी नाही.

दार उघडले, पण केवढे?

२००२ च्या डिसेंबरात सरकारने पहिल्यांदा सामुदायिक रेडिओला मान्यता दिली, पण ती शिक्षणसंस्थांना. त्यातून २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र निघाले. गावाच्या संस्थांसाठी दार उघडले ते १६ नोव्हेंबर २००६ ला. तीन वर्षे जुनी नोंदणीकृत, नफा न करणारी संस्था, कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र यांना अर्ज करता येऊ लागला. शक्ती १०० वॅट, अँटेना तीस मीटरपर्यंत. एवढ्या शक्तीचे केंद्र दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत ऐकू येते. निम्मे कार्यक्रम स्थानिक असले पाहिजेत, ही अट चांगलीच आहे.

या दारातून आपलीही माणसे आत गेली. म्हसवडला माणदेशी बायांनी २००८ मध्ये माणदेशी तरंग सुरू केले. जत तालुक्यातल्या जालिहाळला येरळावाणी आहे, बारामतीला वसुंधरा वाहिनी आहे. दुष्काळी गावातली बाई माईकवर आपल्या शेळीपालनाचा हिशेब सांगते आणि शेजारच्या गावातली बाई तो ऐकून आपला हिशेब तपासते, याचे मोल मोठे आहे.

पण दार केवढे उघडले ते बघा. देशात सहा लाखांवर गावे, आणि इतक्या वर्षांत केंद्रे पाचशेच्या आसपास. त्यांतलीही पुष्कळशी शहरांतल्या कॉलेजांच्या आवारात. कारण अर्जाचा रस्ता लांब आहे. माहिती मंत्रालय, गृह, संरक्षण, दूरसंचार, लहरींची वेगळी परवानगी, उंच मनोऱ्याची वेगळी. ज्या संस्थेकडे दिल्लीच्या चकरा मारायला माणूस आणि भाड्याला पैसा, तिचाच अर्ज पुढे सरकतो. २०१२ मध्ये लहरींचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० वर नेले. केंद्रांनी एक दिवस आवाज बंद ठेवून निषेध केला, ओरड झाली, तेव्हा ती वाढ मागे घेतली गेली. २०२४ मध्ये नियम थोडे सैल झाले. पहिला परवाना दहा वर्षांचा झाला, तासाला बारा मिनिटांपर्यंत जाहिराती घेता येऊ लागल्या. चांगले झाले.

राघव महतोला मात्र या धोरणाचा काही उपयोग नाही. व्यक्तीला परवाना मिळत नाही. आणि परवाना न घेता यंत्र लावले तर? १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये दूरसंचार कायदा केला. परवानगीशिवाय जाळे उभारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यंत्र पन्नास रुपयांचे, दंडाची मर्यादा दोन कोटी.

मुसके बांधलेला बैल

आता खरा मुद्दा. परवाना मिळाला, मनोरा उभा राहिला, माईक सुरू झाला. बोलायचे काय? सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई आहे. आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी किंवा आपल्या बोलीत भाषांतर करून देता येते. हवामान, वीज-पाण्याच्या सूचना, परीक्षांचे निकाल, साथीच्या रोगाचा इशारा, हे सांगता येते. पण गावात जे घडले ते शोधून, विचारून, स्वतः सांगायचे, हे चालत नाही.

पाणी सुटणार आहे, हे सांगता येते. सुटायचे पाणी मधेच कुठे गेले, हे विचारले की ती बातमी होते. आज भाव काय, हे सांगता येते. काल दुपारी भाव अचानक का पडला, व्यापारी कुठे बसून ठरवून आले, हे विचारले की ती चालू घडामोड होते.

खळ्यावर मळणीच्या बैलाला आपण मुसके बांधतो. त्याने फिरायचे, राबायचे, पण दाण्याला तोंड लावायचे नाही. आपल्या रेडिओची तीच गत केली आहे.

यात न्याय कुठे आहे, ते आपल्याच हातातल्या या पत्रकावरून तपासा. हे पत्रक आम्ही छापतो. त्यात तालुक्याच्या कचेरीतला गैरकारभार लिहितो, बाजार समितीतली कडत्याची लूट लिहितो. खोटे लिहिले तर खटला होईल, तो आम्ही भोगू. लिहिण्यापूर्वी कोणाची परवानगी लागत नाही. आता हेच पत्रक, हाच मजकूर, एक अक्षर न बदलता, एखाद्या सामुदायिक केंद्रावर वाचून दाखवला तर त्या केंद्राचा परवाना धोक्यात येतो. ज्याला वाचता येते त्याला सत्य कळण्याचा हक्क, आणि ज्या म्हातारीला अक्षरओळख नाही तिला मात्र सरकारने गाळून दिलेलेच ऐकण्याचा हक्क. यापेक्षा दुसरा अर्थ आम्हाला दिसत नाही.

सरकारचे म्हणणे

दुसरी बाजूही ऐकू. सरकार तीन गोष्टी म्हणते.

पहिली, सगळ्यांनी यंत्रे लावली तर आवाजात आवाज मिसळेल. हे खरे आहे. एका डीपीवर गावाने मनाला येईल तेवढे पंप जोडले की कोणाचाच पंप उचलत नाही. एफएमच्या पट्ट्याला लागूनच विमानांच्या संदेशांचा पट्टा आहे. वेडेवाकडे यंत्र त्यात घुसले तर जिवाशी खेळ होईल. म्हणून कोणी कोणत्या लहरीवर, किती शक्तीने बोलायचे याची शिस्त हवीच. पण डीपीची शिस्त म्हणजे पंपाचे पाणी कोणत्या पिकाला द्यायचे याचा हुकूम नव्हे. शक्ती मोजा, लहर ठरवून द्या, यंत्र तपासा. बोलण्यात हात घालू नका.

दुसरी, कोणीतरी द्वेष पसरवेल. ही भीतीही पोकळ नाही. आफ्रिकेतल्या रवांडा देशात १९९४ मध्ये मिल कोलीन नावाच्या रेडिओने माणसे मारायला चिथावले आणि लाखोंची कत्तल झाली. पण ते केंद्र चोरटे नव्हते. परवाना घेतलेले होते आणि त्यामागे सत्तेतलीच माणसे होती. परवान्याने द्वेष थांबला नाही. चिथावणीसाठी आपल्याकडे फौजदारी कायदा आहे, तो लावावा. एकाने विष कालवले म्हणून गावाच्या सगळ्या विहिरी बुजवत नाहीत.

तिसरी, खेड्यातल्या माणसाला बातमीची जबाबदारी पेलणार नाही. याला उत्तर नेपाळने दिले आहे. १९९७ मध्ये काठमांडूला रेडिओ सगरमाथा सुरू झाला, सरकारी नसलेला आणि नफ्यासाठी नसलेला. पुढे तीन कोटींच्या आसपास वस्तीच्या त्या देशात अशी शेकडो केंद्रे निघाली आणि ती स्वतःच्या बातम्या देतात. १ फेब्रुवारी २००५ ला राजाने सत्ता हाती घेतली तेव्हा एफएमवरच्या बातम्या बंद केल्या. पत्रकारांनी चौकात उभे राहून बातम्या वाचून दाखवल्या, लोक गोळा होऊन ऐकू लागले, आणि त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्रांच्या बाजूने आदेश दिला. २०१५ च्या भूकंपात दूरच्या डोंगरी गावांना मदत कुठे पोचली हे सांगण्याचे काम याच केंद्रांनी केले. नेपाळी शेतकऱ्याला पेलते ते मराठी शेतकऱ्याला पेलणार नाही?

मोबाइल असताना रेडिओ कशाला?

तरुण पोरे विचारतील, हातात मोबाइल आहे, त्यावर सगळे येते, आता रेडिओ हवा कशाला? मोबाइलवर खूप येते, हे खरे. पण कोणी पाठवले, खरे की खोटे, हे कळत नाही आणि खोट्याचा धनी सापडत नाही. गावच्या केंद्रावर बोलणारा मात्र ओळखीचा असतो. खोटे बोलला तर दुसऱ्या दिवशी पारावर जाब विचारता येतो. मोबाइलला रिचार्ज लागतो, रेंज लागते, आणि सरकारने एका हुकमाने इंटरनेट बंद केले की तो मुका होतो. खुरपणी करताना, धारा काढताना, चुलीपुढे बसून कान मोकळा असतो, डोळा आणि हात मोकळे नसतात. बाईच्या दिवसात बसणारे साधन आजही रेडिओच आहे.

करायचे काय?

काही कार्यकर्ते म्हणतात, सरळ यंत्र लावू, होऊन जाऊ दे सत्याग्रह. त्यांच्या हिमतीला आमचा नमस्कार. पण चोरून लावलेले यंत्र पहिल्याच छाप्यात जाते. तुरुंगात जातो तो दुरुस्ती करणारा गरीब पोरगा आणि गाव पुन्हा मुके होते. १९४२ मध्ये दुसरा रस्ता नव्हता. आज सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूचा आहे. तो पुरा वसूल केल्याशिवाय आडरस्त्याला जाण्याचे कारण नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

एक. १९९५ च्या निकालाप्रमाणे लहरींचे नियमन मंत्रालयाकडून काढून स्वतंत्र प्राधिकरणाकडे द्यावे.

दोन. वर्तमानपत्राला जो कायदा तोच रेडिओला. स्थानिक बातमीवरची बंदी उठवावी, खोट्याबद्दल आणि चिथावणीबद्दल नंतर खटला भरावा.

तीन. गावापुरत्या, थोड्या वॅटच्या केंद्रासाठी वेगळा वर्ग करावा. लहर ठरवून घेणे आणि यंत्राची तपासणी, एवढ्यावर नोंदणी व्हावी. ग्रामसभा आणि बचत गट यांना ती मिळावी.

चार. अर्जाचा निकाल ठरल्या मुदतीत लागावा आणि नाकारला तर कारण लेखी द्यावे.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. आपल्या जिल्ह्यात एखादे सामुदायिक केंद्र असेल तर तिथे जा, त्यांच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांचा वेळ मागा. नियमाने निम्मे कार्यक्रम स्थानिक हवेत, तेव्हा ते तुम्हाला सहज नाही म्हणू शकणार नाहीत. कृषी विज्ञान केंद्राला विचारा, तुम्हाला अर्जाचा हक्क आहे, तुम्ही केला का? पुण्याच्या प्रयोगासारखी श्रोता मंडळे पुन्हा उभी करा. ऐका, बोला आणि उत्तर मागा. आणि माचनूरच्या बायांकडून शिका. त्या परवान्यासाठी थांबल्या, पण कामासाठी थांबल्या नाहीत. मोबाइलवर आवाज नोंदवता येतो. गावातल्या जुन्या माणसांचे बियाण्याचे ज्ञान, बायांचे हिशेब, बाजारातला अनुभव आजपासून नोंदवून ठेवा आणि बैठकीत ऐकवा. परवाना येईल त्या दिवशी आपली कोठारे भरलेली असली पाहिजेत.

हवा कोणी पेरली नाही, कोणी नांगरली नाही, कोणाच्या बापजाद्यांनी विकत घेतली नाही. न्यायालयाने ती लोकांची म्हणून सांगितली आहे. आता त्या सातबाऱ्यावर नोंद घालून घेणे बाकी आहे, आणि नोंद घरबसल्या होत नाही, हे या मांडवात बसलेल्या कोणालाही आम्ही शिकवायची गरज नाही.